चवीपुरतं

लाकडी फळी, तिला सहा भोकं,
भोकात सहा ग्लास, खोकल्याच्या औषधाच्या मापाहून थोडे मोठे.
डावीकडून फिकी, उजवीकडे काळी,
अशीच मांडायची, असं शर्वाणी मॅडमचं सांगणं.
उलटी प्यायली तर जीभ बधिर होते,
पुढचं सगळं पाणीच लागतं.

ट्रेनिंगला एकेक घोट घ्यायला लावला होता.
व्हीट : केळं आणि लवंग, असं म्हणायचं.
विटबिअर : धने, संत्र्याची साल.
स्टाउट : कॉफी, डार्क चॉकलेट.
मला लागली तव्यावर विसरलेली भाकरी,
तिचा काठ. पण ते कार्डावर नाही.
आयपीएला मी हॉपी म्हणतो.
हॉपी म्हणजे काय ते कुणी विचारत नाही, हे बरं.

मुंढव्यात शनिवारी उभं राहायला जागा नसते.
हे गृहस्थ आले मंगळवारी, साडेचारला,
वामकुक्षी आटोपून, कापडी पिशवी घेऊन, एकटे.
"सहाच का? पाच घेतले तर पैसे कमी होतील?"
नाही म्हणालो.
"मग आणा सहा."

पाषाणकर. मुलीनं टोरांटोहून
पंच्याहत्तरीचं कूपन पाठवलेलं,
मुदत संपायला दोन दिवस.

पहिला ग्लास त्यांनी हुंगला नाही.
खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ,
मग घोट जिभेखाली ठेवला, डोळे मिटून.
मी केळं-लवंग सुरू केलं.
त्यांनी हात वर केला.
"पाणी कुठलं?"

बत्तीस वर्षं पर्वतीच्या जलकेंद्रात,
प्रयोगशाळेत.
पानशेतचं कुठलं, वरसगावचं कुठलं,
गढूळ यायचं असलं की जिभेला आदल्या दिवशी कळायचं म्हणे.
मशीन मागाहून सांगायचं.

मी आत जाऊन विचारून आलो.
टँकरचं. मग आरओ.
त्यातलं होतं नव्हतं ते काढून टाकतात,
मग ज्या त्या गावाचे क्षार घालतात,
याला म्युनिकचे, त्याला डब्लिनचे.

"अस्सं," म्हणाले. "म्हणजे सगळ्या गावांचं आहे,
पुण्याचं तेवढं नाही."
आणि सहाही संपवले. थेंब ठेवला नाही.
शेवटच्याला म्हणाले, "ही जरा करपल्येय."
मी हो म्हणालो. इतकंच.
वीसची नोट, घडी घालून,
फळीच्या रिकाम्या भोकात ठेवून गेले.

माझ्या आईचं माहेर मोसे नदीच्या काठी होतं.
तिथं आता वरसगावचा साठा.
चिंच होती म्हणे, तिच्या खालीच पाणवठा.
ते त्यांना सांगायचं राहिलं.
तसा विषयही निघाला नाही.

रात्री अकराला मागच्या मोरीत ग्लास विसळत होतो.
मोरी कॉर्पोरेशनच्या लाईनवर आहे.
एक ग्लास नळाखाली धरला, अर्धा भरला.
ट्यूबच्या उजेडात बघितला.
जिभेखाली ठेवला, डोळे मिटून.

क्लोरीन.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग साबण, बहुतेक माझ्याच हाताचा.

गिळलं.
बाहेरून हाक आली :
चौदा नंबरला अजून एक फळी,
आणि तिथली पोरगी विचारतेय,
हॉपी म्हणजे नक्की काय.