साक्षीदाराचा भत्ता

केंटकीतल्या या काउंटीच्या कोर्टाला
अकरा पायऱ्या आहेत. मी मोजल्या.
म्हणजे गुडघ्यांनी मोजल्या.
आमच्या घराण्यात त्या कुणीच चढलं नव्हतं
आणि त्याचा आम्हाला केवढा ताठा!
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,
बाबा मक्याचं कणीस सोलतानासुद्धा हेच सांगायचे.

तळघरात एडलीन बसते,
जुलैतही लोकरी स्वेटर घालून.
कुणाला शोधताय?
थिओडोशिया प्रूइट. माझी खापरपणजी.
जमीन होती नावावर? नाही.
मृत्युपत्र? नाही.
कर्ज, काडीमोड, मारामारी?
नाही, नाही, आणि देवाशपथ नाही.
एडलीनने चष्म्यावरून पाहिलं:
बाई, इतकी चांगली माणसं
माझ्याकडे नसतात.

मग तीन दिवस मी लोकांचे पूर्वज वाचत बसले.
शेजाऱ्याच्या डुकराच्या कानावरची खूण
रातोरात बदलणारा ल्यूथर.
चर्चच्या दारात शिवी हासडून
अडीच डॉलर दंड भरणारा इझेकिएल
(शिवी कोणती, ते कारकुनाने गाळलंय,
याचं मला अजून वाईट वाटतं).
लग्नाचं वचन मोडलं म्हणून दावा लावून
नवऱ्याऐवजी खेचर जिंकलेली कीझाया.
सगळे कसे पानापानावर हातवारे करत उभे.
भांडले, म्हणून उरले.
आणि आमची शहाणी माणसं
गुण्यागोविंदाने नाहीशी झालेली.

चौथ्या दिवशी, दुपारी,
पुराच्या पाण्याने फुगून वाळलेल्या एका गठ्ठ्यात
क्रॅबट्री विरुद्ध मॅकिन्टायर.
वासरू एक, तांबडं, मालकी वादग्रस्त.
ऑक्टोबर १८७१.
त्यातून तळहाताएवढी चिठ्ठी मांडीवर पडली:
थि. प्रूइट, साक्षीदार.
हजेरी एक दिवस. प्रवास नऊ मैल.
खाली फुली.
एक रेघ ठाम, दुसरी घसरलेली,
आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाचं वळणदार अक्षर,
दोघा पोलिसांनी धरून आणल्यासारखं.

काय सांगितलं तिने? वासरू कुणाचं म्हणाली?
ते कोण लिहून ठेवतंय, एडलीन म्हणाली,
इथे फक्त पैसे लिहितात.
आणि 'रक्कम पोचली'च्या पुढे तर कोरंच होतं.
मी गमतीने विचारलं, ते पैसे अजून निघतात का हो?
तिने गंभीरपणे अर्जाचा कागद पुढे सरकवला.

गावातून चार रस्ते फुटतात.
गाडीचा आकडा शून्यावर आणून
मी एकेक रस्ता नऊ मैल चालवला.
पहिल्यावर टायरचं दुकान.
दुसऱ्यावर धरणाचं पाणी, त्यात कुणाची तरी मोटरबोट.
तिसऱ्यावर तंबाखूची कोठारं, रिकामी,
एक कुत्रा फाटकापर्यंत भुंकत आला
आणि मग विसरला कशासाठी आला ते.
चौथा रस्ता सहाव्या मैलावरच संपतो,
पुढे कोळशाच्या खाणीने डोंगरच नेलाय.
आमचं घर बहुधा तिकडेच असणार.
आमचं नशीब तसंच आहे.

परत येऊन पायरीवर बसले.
डबा उघडला, तेव्हा कुठे हिशेब सुचला:
त्या ऑक्टोबरात माझा पणजोबा
चार महिन्यांचा होता.
अंगावर पिणारं पोर. घरी कुणाकडे ठेवणार?
म्हणजे नऊ मैल तोही आला,
याच अकरा पायऱ्या चढला, कडेवर.
साक्ष चालू असताना रडलाही असेल,
न्यायाधीशांनी वर पाहिलं असेल,
पण कागदावर त्याचं काही नाही.

घराण्यातले दोघं कोर्टात आले होते.
भत्ता एकीचाच लिहिलाय.