पोले

बासष्ट साली बोटीतून उतरली तारामती,
पिशवीत शिवणयंत्राची नुसती मूठ.
बाकीचं यंत्र मागच्या बोटीने येणार होतं,
ते आलं सात महिन्यांनी.
तोवर मत्रहच्या गल्लीत
तिने हाताने टाके घातले
आणि कान उघडे ठेवले.

कच्छी शिकली उधारीपायी.
बलुची, पाणी घालणाऱ्या मुरादकडून.
अरबी मला आली नाही, म्हणायची,
मीच तिच्याकडे राहायला गेले.
स्वाहिली मागाहून, झांझिबारहून परतलेल्या झुवेनाची,
भिंतीवरून, वाटीतून, नारळाच्या रसाबरोबर.

मापं मात्र मराठीत.
छाती छत्तीस, बाही साडेएकवीस,
खडू ओठांत धरून.

शेवटच्या आठवड्यात, रुवीच्या हॉस्पिटलात
नर्सला शीर सापडेना. तीनदा टोचलं.
आजी पुटपुटली, पोले.
पोळलं? कुठे पोळलं गं आजी?
आम्ही मनगटावर फुंकर घालत राहिलो,
मामाने बर्फ मागवला.
पोले, ती पुन्हा म्हणाली,
जरा वैतागूनच.

दुपारी झुवेना आली काठी टेकत.
ऐकलं, आणि डोळे पुसत हसली.
अरे, तिला नाही काही झालेलं.
ती त्या पोरीला म्हणतेय,
दमलीस ना बाई,
किती गं तुझे हाल.

नर्स कोट्टायमची, नवी,
रात्रपाळी संपूनही थांबलेली.
तिला यातलं काही कळलं नाही.
तिने चौथ्यांदा हात धरला,
आजीने मूठ सोडली.
शीर मिळाली.