त्रेचाळीस

बाणकोटच्या धक्क्यावर बसलो की
पोरं मला अजून ‘बोमावाले चाचा’ म्हणतात.
बोमा म्हणजे तिकडची कचेरी:
मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दारात झेंडा,
आत मी, याकूब सरगुरोह,
दुय्यम कारकून, पगार शिलिंगात.

साहेब बोलायचा थोडं, लिहायचा खूप.
वर्षअखेरीला अहवाल बोटीने जायचा:
पाऊस इतके इंच, हस्तिदंत इतके रत्तल,
देवीचे रोगी, पकडलेले चोर, मेलेली खेचरं.
शेवटी ‘प्रजा समाधानी आहे’,
ही ओळ मी मागच्या अहवालावरून उतरून काढायचो.
एका वर्षी दुष्काळ पडला,
पण ओळ माझ्या हाताला पाठ होती.

कर झोपडीमागे. मोजायला मी जायचो,
बरोबर दोन अस्करी
आणि डोक्यावर टेबल घेतलेला एक पोरगा.
दारात उभं राहून म्हणायचं, ‘होडी!’
आत येऊ का, असा त्याचा अर्थ.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मी वळून खाडी शोधली होती.
आतून आवाज यायचा, ‘करीबू’, या.
जायचं, बसायचं नाही, मोजायचं.
एक म्हातारी नाव सांगू लागली,
त्यात तिची आई होती, आईची आई,
कुठलीशी टेकडी, एक वाहून गेलेला भाऊ.
रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहिलं: विधवा, एक.

नदीपलीकडची वाडी तेवढी राहिली.
मला हिवताप, नदी दुथडी,
नावाड्याने नुसती मान हलवली,
आणि साहेबाला आकडा सोमवारी हवा.
रात्री कंदिलापाशी रजिस्टर उघडलं,
टाक दौतीत बुडवला
आणि डोळे मिटून आपल्याच मोहल्ल्यातून चालत गेलो.
मशिदीपासून सुरुवात. मुजावरांचं, एक.
बुरोंडकरांची दोन, मध्ये भिंत घातल्यापासून.
खतिजाबीचं गळकं, पण धरलं.
तांडेलांची तीन, विहिरीपलीकडची,
मग उतारावरची, जाळी वाळतात तिथवर.
आमचं सगळ्यात शेवटी, माडाखाली.
त्रेचाळीस.

आकडा वर गेला. प्रांताला, गव्हर्नरकडे,
तिथून विलायतेला,
आणि छापून परत आला, कापडी बांधणीत.
पुढल्या उन्हाळ्यात मी खरोखरच नदी ओलांडली.
मोजल्या: सत्तावीस.
साहेब म्हणाला, सोळा मोडल्या असतील लेकाच्यांनी,
कर चुकवायला.
मी मान हलवली, त्या नावाड्यासारखी.
मग दरसाल त्यांनी त्रेचाळिसांचे पैसे भरले,
शेळ्या विकून, पोरं रेल्वेच्या कामाला धाडून.
आमच्या मोहल्ल्याची पट्टी
ती माणसं भरत होती,
आणि इथे कुणाला पत्ता नव्हता.

पेन्शनीत निघालो तेव्हा ट्रंकेत
एक कोरं रजिस्टर आलं.
अमिना त्यात सुपारी मांडते:
‘जमाती’च्या खाली ओली, ‘झोपड्यां’खाली सोललेली,
‘बायका’ या रकान्यात किडकी.
मथळे इंग्रजी, तिला वाचता येत नाहीत.
एकदा विचारलं तिने, वर काय छापलंय?
मी सांगितलं, तारीख.

परवा तलाठी आला. नवा, पोरगेला,
चपलेत वाळू, कपाळावर घाम.
वहीतून मान वर न काढता म्हणाला,
चाचा, तुमच्या मोहल्ल्यात चुली किती?
तुम्हीच सांगा, म्हणजे माझी चढण वाचेल.

आकडा ओठांशी आला होता.
पण बुरोंडकर मोंबाशाला, तांडेल केपटाउनला,
खतिजाबी कबरीत,
तिच्या चुलीच्या जागी आता घाणेरी माजलीय.
मी काठी घेतली. म्हटलं, ऊठ, दारोदार जाऊ.
पहिल्याच उंबऱ्यापाशी
त्याने तोंड उघडायच्या आत
माझ्याच तोंडून निघालं, ‘होडी!’

तलाठ्याने वळून खाडीकडे पाहिलं.