दमानं घे, बाउदिलिओ

एकतीस वर्षं वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर
मी गॅसचे सिलिंडर वाहिले.
एक खांद्यावर, पाना हातात,
लोखंडावर लोखंड: टण्, टण्, टण्,
आणि वरून बाया ओरडायच्या, इकडे एक!
एका दमात दीडशे पायऱ्या.
खिशात असतो तोवर
कोण मोजतं.

आता हे यंत्र.
मुठीएवढं, निळं, आत एक स्प्रिंग.
ओठांत धरायचं, नाकाला चिमटा,
आणि हवा ओढायची, झडप हटेपर्यंत.
झडप हटली नाही तर हवा नाही.
रायेन, व्यायाम शिकवणारी, माझ्या नातीच्या वयाची,
म्हणाली, तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी.
मी म्हटलं, पोरी, ही वस्तू मला ठाऊक आहे,
हा रेग्युलेटर. हजार घरांत बसवलाय मी.
फक्त तिथं गॅस आपणहून यायचा,
इथं टाकीही मीच आणि चूलही मीच.

डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं होतं:
फुप्फुसाकडं जाणाऱ्या नळ्या आखडलेल्या,
आणि हृदयाची उजवी बाजू ढकलतेय, ढकलतेय,
ढकलून ढकलून फुगलेली.
ऊर भरून येतो तो लग्नात, मुलीच्या पाठवणीत.
हे तसलं नव्हे.
या यंत्रानं नळ्या उघडणार नाहीत,
हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना मानतो.
गोळ्या चालूच. कमरेचा पंपही चालूच,
ज्याचं औषध रोज पहिल्या घासाला जबडा पिळतं.
हे फक्त श्वास ओढणाऱ्या स्नायूंसाठी.
बरगड्यांखाली एक पडदा असतो म्हणे,
जन्मल्यापासून कामावर,
रात्रपाळीसकट,
ना रजा, ना युनियन.
मी युनियनचा माणूस. तीन संप केलेत.
मला त्याची कधी चौकशी करावीशी वाटली नाही.

पहिल्या दिवशी सात.
नाकी नऊ यायला दोन कमी.
डोळ्यांपुढं काजवे आले तशी रायेननं चिमटा काढून घेतला,
चक्कर आली की थांबायचं, शौर्य नको.
दमानं घे, बाउदिलिओ.

तिसऱ्या आठवड्यात चिमटा हरवला.
बहिणीनं, नोल्फानं, दोरीवरचा कपड्यांचा आणून लावला,
माझं तोंड बघून हसत सुटली,
मग मीही,
आणि चार श्वास हसण्यात गेले.
वहीत तेही लिहिले.

दवाखान्याच्या लांब ओट्यावर सहा मिनिटं चालायचं,
दोन नारिंगी शंकूंच्या मधे, हातात काठी नाही.
मार्चमध्ये दोनशे सत्तर मीटर.
जूनमध्ये तीनशे दोन.
जावई म्हणाला, बत्तीसच वाढले?
बत्तीस मीटर म्हणजे काय ते त्याला कसं कळावं.
आमच्या गल्लीत
दोन्या एल्बाच्या दारापासून पावाच्या दुकानापर्यंत
बरोब्बर तेवढंच अंतर आहे,
आणि वर्षभर मी तिच्या दारातच बसून
दुसऱ्याच्या हातून पाव घेत होतो.

परवा पाव मी आणला. गरम होता.
परतताना नव्वदाव्या पायरीवर बसलो, ठरलेली जागा,
तर खालून सिलिंडर घेऊन नवा पोरगा आला,
मायकोल, एकोणीस वर्षांचा,
भिंतीला टेकला, घाम पुसला, बोलेना.
मी सरकलो.
दम खा, म्हटलं,
त्याला की मला, कोण जाणे.
बसला. पावाचा अर्धा तुकडा घेतला.
दोघांच्या छात्या काही वेळ
वेगवेगळ्या चालल्या, त्याची लवकर शांत झाली.
मग तो उठला आणि वर कुठंतरी
टण्, टण् सुरू झालं.
मी अजून अकरा थांबे घेतले. आधी एकोणीस असायचे.

काल रायेननं स्प्रिंग अर्धा आटा घट्ट केला.
वहीत मी लिहिलं: जड.
आणि बऱ्याच वेळानं,
त्याच ओळीत:
तीस.