बिनदाताची गाडी

चाळीस वर्षं मी दात पाडले,
उद्यमनगरात, पत्र्याखाली, हॉबिंग मशीनवर:
ट्रॅक्टरचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे,
आणि एका पंपाचे, जो तीनदा परत आला.
दातात दात बसला की एक आवाज येतो.
तो आला की मी चहा सांगायचो.

आणि पोरीनं गाडी घेतली ती बिनदाताची.

"गिअर असतात ओ बाबा, पण पायऱ्या नाहीत,"
वैजयंता म्हणाली, "घसरगुंडी आहे समजा."
घसरगुंडी हा शब्द मला पटला नाही.
आमच्यात घसरलेला जॉब परत यायचा,
लाल खडूची फुली मारून.

इलाही शिकलगारनं मला एक उघडून दाखवला,
दुसऱ्याच कुणाचा तरी, मेलेला.
दोन पुल्या, जवळ येणाऱ्या, लांब जाणाऱ्या,
आणि मधे पोलादी पट्टा,
शेकडो पातळ चकत्या, माशाच्या खवल्यांगत
एकीला एक चिकटून.
"हा ओढत नाही, मामा. ढकलतो."
पट्टा, आणि ढकलतो?
त्या रात्री स्वप्नात मी
दोरीनं बैल ढकलत होतो.

"मग हा मेला कशानं?"
"तेलानं. बदललंच नाही कधी.
शोरूमात सांगितलेलं, लाइफटाइम तेल आहे."
"कुणाचं लाइफ?"
इलाहीनं पान्यानं पाठ खाजवली.
"वॉरंटीचं."

दात मोडायच्या आधी बोंब मारतो.
किरकिरतो, लिव्हर हातात नाचवतो,
तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यापर्यंत
माणसं वळून बघतात.
हा पट्टा आतल्या आत झिजतो
आणि सांगतो काय, तर सिग्नलला
ब्रेकवरचा पाय उचलताना जरासं थरथरून,
म्हैस कातडीवरची माशी उडवते तेवढंच.
कोण लक्ष देतंय तेवढ्याला.

वैजयंता रोज कागलला जाते,
कारखान्याच्या प्रयोगशाळेत.
जाऊन येऊन बेचाळीस किलोमीटर, पाच वर्षं.
एकदाही रस्त्यात थांबली नाही गाडी.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
चालणाऱ्या गाडीची गोष्ट होत नाही,
बंद पडलेलीची होते,
रंकाळ्याच्या कठड्यावर, तासभर, भेळ संपली तरी.

अडुसष्ट हजारला आम्ही तेल काढलं.
काळपट होतं. जळका वास नव्हता.
तळाच्या चुंबकावर राखाडी लोणी जमलेलं,
ते मी अंगठ्यानं चोळून बघितलं.
कण टोचला तर काहीतरी मोडलंय,
मऊ लागलं तर नुसतं काम झालंय,
एवढं बोटांना कळतं अजून.
मऊ लागलं.
तरी तीनदा चोळलं.

इलाहीच्या पोरानं स्वस्तातलं तेल आणलेलं.
त्याला परत पाठवला, भर उन्हात.
पुस्तकात लिहिलंय तेच आणायला लावलं,
दुप्पट पैसे मी दिले, पोरीला सांगितले निम्मे.

मग पन्हाळ्याला गेलो, बघायला.
वाघबीळच्या पुढं चढ लागला,
इंजिन आधी ओरडलं,
गाडी आपली सावकाश मागून आली,
आणि शेजारच्या सीटवर माझा डावा हात
आपोआप उठला दुसरा टाकायला,
दाराला आपटला.
"बाबा, गप बसा की. मी चालवतो न्हवं?"
वळण गेलं. दुसरंही गेलं.
कुठंही झटका नाही, ठेच नाही,
चढ संपला ते मला कळलं
कानात दडे बसले म्हणून.
ओढली तिनं. म्हणजे ढकलली. काय ते.

वर ती कणीस घ्यायला गेली
तेवढ्यात मी वाकून गाडीखाली बघितलं.
कोरडं होतं.

घरी आल्यावर दाराच्या आतल्या कडेला
पिवळ्या मार्करनं आकडा लिहिला,
जॉबवर लिहायचो तसा, ठसठशीत:
१,०८,००० ला तेल.
"एवढं मोठं कशाला?" वैजयंता म्हणाली.
मी खाली तारीख घातली.
सहीपण.