फाटल्यान कोण बसतलो

कुडचड्याला इनासच्या गॅरेजात
भिरंडीखाली पोतं अंथरून
स्प्रिंगांच्या तीन जोड्या उभ्या केल्यात.
मी बोट फिरवून विळखे मोजते,
मग पुन्हा मोजते, कारण पहिला विळखा
धरायचा की सोडायचा, कुणीच सांगत नाही.

एक जोडी लिस्बनहून, भाच्याच्या बॅगेतून आली,
टोकाला दोन निळे ठिपके.
कस्टमवाल्याने विचारलं, हे काय?
भाचा म्हणाला, मावशीचं दुखणं.
दुसरी कोल्हापूरची, सळई जाड,
तेलाचा वास अजून अंगाला.
कारागीर फोनवर म्हणाला होता,
"ताई, हत्ती बसवा, चेपली तर पैसे परत."
तिसरी मडगावच्या भंगारातली. बरोबर बसेल असं
विकणाऱ्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं,
तेव्हाच ती मनातून उतरली.

आणि जुनी जोडी, जमिनीवर आडवी.
डावी उजवीहून बोटभर बुटकी.
एकोणीसशे अठ्ठावन्नची मर्सिडीज, डिझेल,
पुरसोची टॅक्सी. पुरसो माझा बाप.
सावर्डे ते मडगाव, मागे तिघांच्या जागी पाच,
डिकीत नारळ, सुकी मासळी,
एकदा तर रुसलेला एक वरबाप
जरीच्या उपरण्यासकट डिकीवर बसून आला.
जाड गिऱ्हाईक नेहमी डावीकडे.
डावं दार आतून उघडत नसे,
आणि जाड माणसाला, बाप म्हणायचा,
दार उघडून दिलेलं आवडतं.

विळख्यांत खाणीच्या धुळीची लाल पोळी धरलेली.
इनासने स्क्रूड्रायव्हरने खरवडून
एक पापुद्रा माझ्या तळव्यावर ठेवला.
तो मी कुठे टाकला, आठवत नाही.

"जाड घातलीस," इनास म्हणतो, "तर रिकामी गाडी
ढुंगण वर करून चालेल,
मागची चाकं खालून आत वळतील,
लघवी आवरून उभ्या पोरासारखी.
अनमोडच्या वळणावर मागचा भाग
तुला विचारून वळणार नाही.
मऊ घातलीस, तर पाच माणसांत चाकं फाकतील,
बूड खड्ड्याला टेकेल."
मग पाना पुसत, आपल्या कोंकणीत,
"बाय, फाटल्यान कोण बसतलो?"

प्रश्न स्प्रिंगचा आहे, मला कळतं.
तरी मी झाडाकडे बघते.
मुलगा स्विंडनला, गोदामात रात्रपाळी.
येतो तेव्हा विमानतळावरच भाड्याची एसी गाडी घेतो.
नणंदेचे गुडघे बुटक्या सीटला तयार नाहीत.
शेजारची गुणाबाय म्हणते, येईन,
पण कुठे जायचं ते आधी सांग.
मी सगळ्यांना किलोत मोजते
आणि बेरीज पुनःपुन्हा चुकते.
"ठरलं नाही अजून," म्हणते.

तो काही बोलत नाही. लिस्बनची जोडी चढवतो,
वर रबराची कडी, दोन पुटकुळ्यांची.
एक पुटकुळी म्हणजे पातळ, चार म्हणजे सगळ्यांत जाड,
गाडीची उंची असल्या बारक्या गोष्टींवर.
जॅक सुटतो. गाडी कुरकुरत खाली येते.
"आता बस."
माझा हात पुढच्या दाराकडे.
"फाटल्यान, फाटल्यान."

एकसष्ट वर्षांची झाले. या गाडीत मी
ओकले आहे, पाढे पाठ केले आहेत,
मांडीवर सुट्टे पैसे घेऊन पुढे बसले आहे.
मागची सीट गिऱ्हाइकाची.
माझ्या लग्नादिवशी गाडी भाड्यावर होती,
दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला.

पुढच्या सीटची पाठ मी आज पाहते.
रेक्झिनवर कुणीतरी पेनाने हिशेब केलाय:
कुळीद सहा, मिरची दोन, उरले तीन.
इनास गुडघ्यांवर, टेप लावून,
"डावीकडे सरक. आणखी."
सरकते. खालून काहीतरी किंचित दबतं,
आणि थांबतं.
"बरोबर," तो म्हणतो. "उतर."

दाराची कडी मी दोनदा ओढते.
बाहेर इनास पाठमोरा,
आकडा लिहायला खडू शोधतोय.