एक पंधरा

सुपर कॉरिडॉरच्या मागे, गोदामात,
पिवळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेलं.
मीटरवर सहा हजार चारशे.
लोढाजींनी विचारलं, "किबेसाहेब, किती?"

रंगाची जाडी मोजली. उजवं दार पुन्हा रंगवलंय.
टायरची नक्षी कोरी, पण रबर
बोटाला लाकडासारखं लागतं.
कडेला चार आकडे: कितवा आठवडा, कुठलं साल.
उभ्या उभ्याही वय होतं,
हे मी प्रत्येकाला सांगत नाही.

पोटाखाली ओरखडे.
पलासिया, गीता भवन, घरच्या फाटकाचा उतार;
इंदूरचा एकेक गतिरोधक मला ओळखू येतो.

तीन कोटी दहाला घेतलेली.
मी लिहिलं, एक पंधरा.
ते हसले. "शोरूमबाहेर काढली
तेव्हाच चाळीस लाख गेले होते."

मग लॅपटॉप जोडला.
गाडीच्या मेंदूत एकच नोंद:
पहाटे चार दहा. दोनशे एकाहत्तर.
सव्वा मिनिट.

"यानं भाव पडतो का?"
शेजारी कोण होतं, मी विचारलं.
"कोणी नाही. चपला मागे राहिल्या होत्या,
अनवाणीच होतो."

पडतो, मी म्हणालो.
आणि एक पंधराच राहू दिले.